चूक दुरुस्त कुणी करायची?

बडोद्यातल्या मराठी घरांत राजकारणाचा विषय निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतंच, "महाराज असते तर असं झालं नसतं." रस्त्यातले खड्डे असोत, शाळांची फी असो, नाहीतर विश्वामित्री नदीचा पूर असो, गाडी शेवटी तिथेच येते. असं म्हणणारी माणसं भाबडी नाहीत. त्यांच्या आजोबा-पणजोबांना महाराज सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानानं शिकवलं, नोकरीला लावलं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या जुन्या घरांत सयाजीरावांची तसबीर देवघराच्या शेजारच्या भिंतीवर असते आणि दसऱ्याला तिलाही हार पडतो. तो आदर माझ्याही मनात आहे. पण या वाक्यात एक राजकीय मत दडलेलं आहे: राज्यकर्ता चांगला मिळाला की समाजाचं भलं होतं, बाकी सगळं दुय्यम. हे मत मला चुकीचं वाटतं आणि आजच्या दिवसांत धोक्याचंही वाटतं.

दीडशे वर्षांत बडोद्यानं राज्यपद्धतीचे जितके प्रकार पाहिले तितके फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले असतील. लहरी राजा पाहिला, इंग्रजांच्या देखरेखीखालचा दिवाणी कारभार पाहिला, सुधारक राजा पाहिला, विलीनीकरण, भाषावार राज्यरचना, आणीबाणी आणि दंगलीतला कर्फ्यूही पाहिला. या साऱ्या काळांना मी एकच प्रश्न विचारून पाहतो. राज्यकर्ता कसा होता हे नव्हे. कारभारात चूक झाली, अन्याय झाला, तर तो दुरुस्त करायची वाट कुणाच्या हातात होती? माझ्या मते कुठल्याही राजवटीचा समाजावर काय परिणाम झाला, हे या प्रश्नाच्या उत्तरावरून जितकं कळतं तितकं राज्यकर्त्याच्या स्वभावावरून कळत नाही.

सुरुवात मल्हाररावांपासून करू. 1870 मध्ये महाराज खंडेराव गायकवाड गेले आणि धाकटे भाऊ मल्हारराव गादीवर आले. कारभाराविरुद्ध रयतेच्या आणि सरदारांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1873 मध्ये इंग्रज सरकारनं कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. सुधारणेसाठी मल्हाररावांना मुदत मिळाली. काही काळ दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण होते. नोव्हेंबर 1874 मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचं प्रकरण उठलं. ते तपासायला सहा जणांचं कमिशन बसलं, त्यात ग्वाल्हेरचे शिंदे महाराज होते, जयपूरचे महाराज होते, सर दिनकरराव होते. तीन इंग्रज सभासदांचं मत एकीकडे आणि तीन हिंदी सभासदांचं दुसरीकडे गेलं. अखेर एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं ते गैरकारभाराच्या कारणावरून, आणि मद्रासला पाठवलं.

या साऱ्या प्रकरणात रयतेची जागा कुठे होती ते पाहा. तक्रार करण्यापुरती रयत होती. निर्णय व्हाइसरॉयचा, तोही साम्राज्याच्या सोयीनं. छळ झाला त्यांना न्याय मिळालाही असेल. पण तो वरून आला, आणि ज्यानं तो दिला त्याला जाब विचारणारं बडोद्यात कुणी नव्हतं. अशा परिस्थितीत समाजाला एकच सवय लागते, आणखी मोठ्या मालकाकडे दाद मागायची.

नंतरचा मालक फार चांगला निघाला. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. सर टी. माधवराव यांनी दिवाण म्हणून घडी बसवली आणि 1881 च्या अखेरीस सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले. पुढची सत्तावन्न वर्षं कुणीही हेवा करावा अशी आहेत. अमरेली भागात 1893 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये तशाच सक्तीचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. स्वतंत्र भारतात शिक्षणाचा हक्क कायद्यानं अमलात आला तो 1 एप्रिल 2010 ला, म्हणजे बडोद्यानंतर एकशे चार वर्षांनी. बालविवाहाला बंदी करणारा कायदा इथे 1904 मध्ये झाला. हिंदू स्त्रीला घटस्फोटाची मुभा 1931 मध्ये मिळाली; सबंध देशाला त्यासाठी 1955 उजाडावं लागलं. गावोगावी ग्रंथालयं, फिरत्या पेट्या, 1908 ची बँक ऑफ बडोदा, आजवा तलावाचं पाणी, आणि सगळ्यांत कौतुकाची गोष्ट म्हणजे मराठी राजाच्या संस्थानात रयतेची भाषा म्हणून गुजरातीला कारभारात मिळालेलं स्थान.

"महाराज असते तर" म्हणणाऱ्यांची बाजू मी इथे मुद्दाम पूर्ण ताकदीनं मांडली, कारण ती खरोखर बळकट आहे. एकट्या माणसाच्या हाती अधिकार असला आणि तो शहाणा असला तर पन्नास वर्षांचं काम पाच वर्षांत होतं, हे खरं आहे. त्याच काळात मुंबई इलाख्यात सक्तीच्या शिक्षणाचा नुसता विचारविनिमय चालला होता.

तरीही हुकमाची धाव कुठपर्यंत होती, याचा पुरावा याच शहरात आहे. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. राजा त्यांच्या बाजूचा होता. शिक्षण राजानंच केलं होतं, नोकरी राजानंच दिली होती. पण राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून पाहिलं, दोन्हीकडून नकारच आला. कचेरीतले शिपाई फायली हातात न देता लांबून टेबलावर टाकत, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. आज तिथे संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे.

मी कमाटीबागेत जातो तेव्हा मला पडणारा प्रश्न राजाच्या हेतूचा नसतो. त्याबद्दल शंकाच नाही. शाळा काढण्याचा, शिष्यवृत्ती देण्याचा, कायदा करण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्याला आपल्या राजधानीत एका माणसाला भाड्याची खोली मिळवून देता आली नाही. ज्यांनी दारं बंद केली त्यांना राजाच्या सुधारणांशी काही देणंघेणं नव्हतं. सुधारणा महाराजांची होती, त्यांची नव्हती. बालविवाहाच्या कायद्याचंही तेच झालं: लग्नं होत राहिली, लोक दंड भरत राहिले. जो कायदा करताना आपल्याला कुणी विचारलंच नाही, तो मोडताना अपराधी वाटत नाही. आणि बाबासाहेबांनी पुढे जी वाट धरली ती राजाश्रयाची नव्हती. महाडचा सत्याग्रह, मतदानाचा हक्क, संविधानाची कलमं, म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या हातात दुरुस्तीचं हत्यार देण्याची वाट.

सयाजीरावांना याची जाण नव्हती असं नाही. ग्रामपंचायतींपासून प्रांतापर्यंत स्थानिक संस्था उभ्या केल्या, 1908 मध्ये धारासभा, म्हणजे संस्थानचं कायदेमंडळ, स्थापन केली. पण धारासभेनं प्रश्न विचारायचे, ठराव करायचे. अखेरचा शब्द हुजुरांचा. शिवाय खुद्द राजाही मोकळा कुठे होता? 1911 च्या दिल्ली दरबारात बादशहासमोर पुरेसं वाकले नाहीत म्हणून केवढा गहजब झाला. केशवराव देशपांड्यांनी चालवलेलं गंगनाथ विद्यालय, जिथे काका कालेलकर शिकवत, ते ब्रिटिशांच्या दबावापुढे बंद करावं लागलं. जो अधिकार वरून मिळालेला असतो तो वरून कमीही होतो, मग तो प्रजेचा असो की राजाचा.

आता आपल्या, म्हणजे मराठी माणसांच्या, थोड्या अवघड गोष्टीकडे येतो. 1916 मध्ये प्रजामंडळ निघालं आणि पुढे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी जोर धरू लागली, तेव्हा बडोद्यातले बरेच मराठी लोक त्या मागणीपासून फटकून राहिले. राज्य लोकांचं झालं तर ते गुजराती बहुसंख्यांचं होईल, आपली नोकरी आणि आपली पत जाईल, ही भीती होती. त्या मागणीला मराठी-गुजराती असा रंग चढला. त्या पिढीला मी दोष देत नाही. संख्येनं थोड्या असलेल्या प्रत्येक समाजाला दरबाराची सावली सुरक्षित वाटते. पण सावली किती टिकाऊ होती? फेब्रुवारी 1939 मध्ये सयाजीराव गेले. गादी तीच, राजवाडा तोच, कायदेही तेच. नातू प्रतापसिंहराव आले आणि बारा वर्षांनी, 1951 मध्ये, भारत सरकारला त्यांची राजपदाची मान्यता काढून घ्यावी लागली. मल्हारराव, सयाजीराव, प्रतापसिंहराव हे तिघेही एकाच व्यवस्थेचं फळ होते, हे "महाराज असते तर" म्हणताना आपण सोयीनं विसरतो. कोणते महाराज, हे निवडायची सोय त्या व्यवस्थेत नव्हतीच.

1 मे 1949 ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1956 मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्याचा भाग झालं आणि 1 मे 1960 ला गुजरातचा. म्हणजे 1930 मध्ये दांडिया बाजारात जन्मलेला मुलगा घर न बदलता तिशीपर्यंत चार राज्यांत राहिला, आणि त्या तीस वर्षांत राज्यकर्त्यांच्या भाषेचा होता तो भाषिक अल्पसंख्याक झाला. याचं दुःख आमच्या घरांत बोलून दाखवलं जायचं, मी ते लहानपणापासून ऐकलं आहे. पण त्याच सुमारास आपल्या हाती काय आलं याचा उल्लेख मी क्वचितच ऐकला. संविधानाच्या 29 आणि 30 व्या कलमांनी अल्पसंख्याकांना आपली भाषा जपण्याचा आणि शाळा चालवण्याचा हक्क दिला. 1956 मध्ये 350 अ हे कलम आलं, त्यानं मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. जे संस्थानात कृपा म्हणून मिळत होतं ते आता हक्कानं मागता येणार होतं. तरी मराठी शाळांचे वर्ग रोडावले. त्याला सरकार जबाबदार असेलच, पण मुलांची नावं आपणच काढून घेतली. बहुतेकांना कुठल्या कचेरीत, कुठल्या कलमाखाली, काय मागायचं हेच माहीत नव्हतं, आणि कुणी शिकवलंही नाही. प्रजा म्हणून जगलेल्या समाजाला नागरिक होण्यासाठी एक पिढी खर्ची पडते. आपल्याला दोन लागल्या.

आणीबाणीच्या काळात या शहराच्या नावाची देशभर चर्चा झाली ती बडोदा डायनामाइट प्रकरणामुळे. सरकारविरुद्ध डायनामाइट जमवल्याच्या आरोपावरून जॉर्ज फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर तो खटला भरला गेला, 1977 मध्ये मागेही घेतला गेला. ते नाट्य लोकांच्या लक्षात राहिलं. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती इथल्या एका छोट्या गुजराती नियतकालिकाची लढाई. बडोद्यातून निघणारं सर्वोदय विचाराचं 'भूमिपुत्र', संपादक चुनीभाई वैद्य. ऑक्टोबर 1975 मध्ये अहमदाबादेत नागरी स्वातंत्र्याची परिषद झाली. न्या. छागला, न्या. जे. सी. शहा यांच्यासारखी माणसं तिथे बोलली आणि 'भूमिपुत्र'नं ते छापलं. छापखान्यावर कारवाई झाली. देशातली मोठमोठी वर्तमानपत्रं सेन्सॉरला विचारून छापत होती तेव्हा हे लोक गुजरात उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयानं सेन्सॉरची मार्गदर्शक तत्त्वं बेकायदा ठरवली.

यात परिस्थितीचाही वाटा होता हे मान्य केलं पाहिजे. आणीबाणी लागली त्याच्या आठवडाभर आधीच गुजरातेत बाबूभाई जशभाई पटेलांचं जनता मोर्चाचं सरकार आलं होतं, ते मार्च 1976 पर्यंत टिकलं, त्यामुळे इथे श्वास घ्यायला थोडी जास्त जागा होती. त्याआधी 1974 च्या नवनिर्माण आंदोलनात विद्यार्थ्यांनी मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यायला लावला होता, त्याची धग अजून निवली नव्हती. म्हणजे प्रांतात वेगळं सरकार, न डगमगलेलं न्यायालय, हट्टी संपादक आणि रस्त्यावर उतरायची सवय झालेला समाज, अशा चार गोष्टी जुळून आल्या. हुकूमशाहीला अडवायला कुणी पुण्यश्लोक राजा धावून आला नाही. सामान्य वकूबाच्या अनेक संस्था आणि माणसं एकमेकांना टेकून उभी राहिली. 1875 मध्ये अन्यायाची दाद कलकत्त्याला मागावी लागली. शंभर वर्षांनी बडोद्यातला संपादक स्वतःच्या नावानं सरकारविरुद्ध उभा राहून जिंकला. या शतकात बडोद्याच्या समाजात झालेला खरा बदल मला इथे दिसतो.

मतपेटी आली की सगळं आपोआप होतं, असं मी म्हणत नाही. म्हणूच शकत नाही. 1 मार्च 2002 च्या रात्री हनुमान टेकरीजवळ बेस्ट बेकरीत 14 माणसांना मारलं गेलं. तेव्हा राज्यात निवडून आलेलंच सरकार होतं, निवडून आलेलीच महापालिका होती. 2003 मध्ये इथल्या न्यायालयात साक्षीदार फिरले आणि सर्व 21 आरोपी सुटले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल 2004 मध्ये खटला महाराष्ट्रात नव्यानं चालवण्याचा आदेश झाला. 2006 मध्ये मुंबईत नऊ जणांना जन्मठेप झाली, 2012 मध्ये उच्च न्यायालयानं त्यांतल्या चौघांची शिक्षा कायम ठेवली. आपल्या शहरात घडलेल्या गुन्ह्याचा न्याय आपल्या शहरात होऊ शकला नाही, ही बडोदेकरांनी मान खाली घालण्यासारखी गोष्ट आहे. बहुमत ज्याच्याकडे आहे त्याच्याविरुद्ध दाद मागण्याची जागा शाबूत नसेल, तर निवडून आलेली राजवटसुद्धा थोड्यांसाठी मल्हारशाहीच ठरते. आपण स्वतः इथे संख्येनं थोडे आहोत. ही गोष्ट इतरांच्या आधी आपल्याला कळायला हवी.

आणि आता पूर. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री शहरात शिरली. माझ्या आत्याच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी ओसरल्यावर कपाटाच्या वरच्या खणापर्यंत गाळाची रेघ राहिली होती. गाद्या, धान्याचे डबे, एक शिलाई मशीन, काकांच्या पेन्शनचे कागद, सगळं अंगणात वाळत टाकलं होतं आणि आत्या तेच वाक्य म्हणत होती. मी तेव्हा काही बोललो नाही. ती वेळ नव्हती. पण 1927 च्या पावसाळ्यात, खुद्द महाराजांच्या राज्यात, याच नदीनं हे शहर बुडवलं होतं. फरक पुढचा आहे. 2021 मध्ये, म्हणजे या पुराच्या तीन वर्षं आधी, राष्ट्रीय हरित लवादानं बडोद्यातल्याच काही नागरिकांच्या अर्जावर विश्वामित्रीची हद्द आखून तिचं पात्र राखण्याचा कृती आराखडा राबवायला सांगितलं होतं. तो आदेश मिळवणारे नागरिक मूठभर होते. आपल्या मंडळांतल्या, कट्ट्यांवरच्या, व्हॉट्सअॅप गटांतल्या किती जणांना त्या आदेशाची माहिती होती? तीन वर्षांत त्याचं काय झालं हे माहितीच्या अधिकारात विचारायला अगदी किरकोळ फी लागते आणि एक साधा अर्ज पुरतो. हुजुरांना अर्ज करणारा विनंती करत होता. हा अर्ज आला की सरकारला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावंच लागतं.

चांगल्या राज्यकर्त्याची वाट पाहणाऱ्या समाजाचं नुकसान हेच होतं: हातात असलेली वाट त्याला दिसत नाही. तो मत देतो आणि मग पाच वर्षं पुन्हा प्रजा होऊन बसतो. नेताही ते ओळखून असतो. तो मग कामाचा हिशेब देत नाही, तसबीर देतो. संस्थानं खालसा झाल्यावरही बडोद्यानं आधी फत्तेसिंहरावांना आणि मग रणजितसिंहांना अनेकदा लोकसभेवर पाठवलं, तिकडे ग्वाल्हेरनं शिंद्यांना पाठवलं. लोकांनी निवडलं, त्यांचा तो अधिकार आहे. पण त्या मतांत कामाचा हिशेब किती होता आणि मुजरा किती होता, हे ज्यानं त्यानं मनाशी तपासावं.

दरवर्षी 11 मार्चला सयाजीरावांची जयंती आपण साजरी करतो, व्याख्यानं ठेवतो, 2018 च्या साहित्य संमेलनातही त्यांचं भरभरून स्मरण झालं. ते चालू राहावं. पण ज्या राजानं गावोगाव शाळा आणि ग्रंथालयं काढली, त्यानं वाचणारी, विचारणारी माणसं घडावीत म्हणूनच काढली असणार ना? मग आमच्या मंडळाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मी तीन सूचना ठेवणार आहे. जयंतीच्या कार्यक्रमात एक सत्र 'भूमिपुत्र'च्या खटल्यावर असावं आणि ते गुजराती वक्त्यानं घ्यावं. मराठी माध्यमाच्या उरलेल्या वर्गांसाठी 350 अ कलमाचा आधार घेऊन मंडळाच्या नावानं राज्य सरकारकडे लेखी मागणी जावी. आणि हरित लवादाच्या आदेशाची अंमलबजावणी कुठवर आली, हे विचारणारा अर्ज दर सहा महिन्यांनी करायची जबाबदारी मंडळातल्या दोन सभासदांनी घ्यावी. पहिल्या वर्षी त्या दोघांपैकी एक नाव माझं लिहून घ्या.